न तुटलेली तार

गेल्या डिसेंबरातील एक संध्याकाळ. चंडीगडच्या सेक्टर ३२ मधील ज्या घराच्या तळमजल्यावर आमचे बिऱ्हाड आहे, त्याच घराच्या गच्चीवरील बरसातीत एक हिमाचली विद्यार्थी राहतो. सेक्टरातल्याच सनातन धर्म महाविद्यालयात तो शिकतो आणि दिवेलागणीच्या सुमारास, खाली रस्त्यावर धुके उतरू लागले की, वर गिटार वाजवीत बसतो. त्या संध्याकाळी वादन एकाएकी थांबले आणि थोड्या वेळाने तो आमच्या दारात येऊन उभा राहिला. "अंकलजी, प्लास मिलेगा?" पस्तिशी नुकतीच ओलांडलेल्या माणसाला 'अंकलजी' म्हणवून घेणे फारसे सुखाचे नसते, पण येथे सात वर्षे काढल्यावर तेही अंगवळणी पडते. त्याच्या गिटारीची चौथी तार तुटली होती. मी पक्कड शोधून दिली आणि कुतूहलाने त्याच्यामागून वर गेलो.

त्याने नवी तार चढविली, खुंटी पिळून ती सुराला लावली, वाढलेले टोक कापले आणि सहाही तारांवरून एकदा हात फिरविला. जे ऐकू आले त्याने आम्ही दोघेही चपापलो. एकच तार वाजत होती. बाकीच्या पाच वाजतच नव्हत्या असे नव्हे. त्या सुरात होत्या, सैल नव्हत्या, तुटलेल्या तर नव्हत्याच. पण नव्या तारेच्या शेजारी त्यांचा आवाज लाकडावर बोट आपटावे तसा येत होता. मुलगा गोंधळून म्हणाला, "कालपर्यंत तर चांगल्या वाजत होत्या!" या तारा कधी चढविल्या होत्या, असे मी त्याला विचारले. त्याने बोटे मोजली. आठ महिने झाले होते.

कालही त्या चांगल्या वाजत नव्हत्या. त्या चांगल्या वाजत नाहीत हे काल ऐकू येत नव्हते, एवढेच. या दोन विधानांमध्ये जे अंतर आहे, त्यात माझे मन गेले काही महिने घुटमळत आहे. हा प्रश्न वरवर पाहता तारांचा आहे. परंतु घरापासून दूर, एखाद्या खुर्चीवर वर्षानुवर्षे काढणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांचाही तो आहे, असे वाटल्यावरून तो येथे मांडण्याचे धाडस करीत आहे.

तार जुनी होते म्हणजे नेमके काय होते, हे आधी पाहिले पाहिजे. अशा गिटारीच्या पहिल्या दोन तारा साध्या पोलादी असतात. उरलेल्या चार तारांत मधे पोलादी गाभा आणि त्याभोवती दुसऱ्या धातूची बारीक तार गुंडाळलेली असते. बाजारात ज्या गुंडाळीला 'ऐंशी-वीस ब्राँझ' म्हणतात, तिच्यात ८० भाग तांबे आणि २० भाग जस्त असते. म्हणजे नाव काही असो, ते पितळच. कथील घातलेले फॉस्फर ब्राँझ गिटारीच्या तारांसाठी वापरात आले ते १९७४ पासून. या सहा तारा मिळून त्या पोकळ लाकडी पेटीवर सुमारे ७० ते ७५ किलो वजनाइतका ताण अहोरात्र धरून ठेवतात. वाजविणाऱ्याच्या बोटांचा घाम, त्यातील मीठ, त्वचेचे तेल, कातडीचा सूक्ष्म भुगा हे सारे गुंडाळीच्या फटींत साचत जाते. धातू गंजू लागतो. पडद्यांवर पुन्हा पुन्हा दाबली गेल्यामुळे तारेच्या पोटाला बारीक खाचा पडतात. परिणामी तिचे वजन लांबीभर एकसारखे राहत नाही.

तार छेडली असता तिच्यातून एकच स्वर निघतो, अशी आपली समजूत असते. वस्तुतः मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशा कंपनांचे स्वरही निघत असतात, आणि ज्याला आपण नादाची झळाळी म्हणतो ती यांचीच असते. मळलेली, गंजलेली तार ही वरची कंपने लगेच गिळून टाकते. मूळ स्वर तेवढा शिल्लक राहतो. म्हणूनच सूर तपासण्याचे यंत्र जुन्या तारेला निर्दोष ठरविते. यंत्र मूळ स्वर मोजते, आणि तो बरोबर असतो.

वादकांमध्ये एक ठोकताळा आहे, की सुमारे शंभर तास वादन झाले किंवा तीन महिने लोटले, की तारा बदलाव्यात. ज्याच्या हाताला घाम फार, त्याच्या तारा काही दिवसांतच मान टाकतात. जो वाजविण्यापूर्वी हात धुतो आणि वाजवून झाल्यावर फडक्याने तारा पुसून ठेवतो, त्याच्या अधिक टिकतात. काही काटकसरी मंडळी जुन्या तारा पाण्यात उकळून पुन्हा चढवितात. मळ निघून गेल्यामुळे थोडे दिवस नाद परत येतो, परंतु पडलेल्या खाचा काही भरून येत नाहीत. अलीकडे प्लास्टिकसारख्या पदार्थाचा अतिशय पातळ लेप दिलेल्या तारा मिळतात. त्या बऱ्याच अधिक काळ टिकतात; मात्र पहिल्या दिवसाची झळाळी त्यांत किंचित कमी असते, असे अनेक वादक म्हणतात.

आमच्या घरात गिटार नाही, पण एक तंबोरा आहे. माझ्या वडिलांनी तो तरुणपणी मिरजेहून आणला. ते गवई नव्हते. पहाटे अर्धा तास तंबोरा जुळवून बसत आणि दोन-तीन रागांचे आलाप आपल्यापुरते गुणगुणत. मिरजेच्या या कारागिरीचा इतिहास मोठा अर्थपूर्ण आहे. तेथील सतारमेकर मंडळी मूळची शिकलगार. तलवारी आणि भाले यांना धार लावणे हा त्यांचा धंदा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास शस्त्रांचे दिवस संपले, तेव्हा फरीदसाहेब आणि त्यांच्या घराण्यातील माणसांनी तंतुवाद्ये बनविण्याची विद्या हस्तगत केली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठाले भोपळे आणून त्यांचे तंबोरे घडू लागले. पुढे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत येऊन राहिले. वाद्यांच्या दुरुस्तीत त्यांना स्वतःलाही गती होती. १९३७ साली ते निवर्तले आणि त्यांच्या स्मरणार्थ मिरजेच्या दर्ग्यात आजही दरवर्षी गाणे होते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा येथे आम्ही चार मराठी कुटुंबांनी आपल्याच घरचे कार्य असल्यासारखे पेढे वाटले होते.

तंबोऱ्याला चार तारा: एक पंचमाची, दोन जोडाच्या, आणि शेवटची पितळी खर्जाची. गांधाराची तार त्यात नसते. तरी तंबोरा नीट जुळला, जवारी नीट लागली, की खर्जाच्या पोटातून गांधार स्पष्ट ऐकू येतो. त्याला गवई स्वयंभू गांधार म्हणतात. शास्त्र सांगते की ते मूळ स्वराच्या पाचपट कंपन आहे. घोडीचा पृष्ठभाग किंचित उतरता घासलेला असतो, तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकविलेला असतो आणि कंप पावणारी तार त्या पृष्ठभागाला क्षणोक्षणी हलकेच चाटून जाते. त्यामुळे हे वरचे स्वर खुलतात. तारेला ज्या बिंदूवर छेडावे, तेथे स्थिर बिंदू असणारे उपस्वर निघू नयेत, असा पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचा एक नियम होता. आपला तंबोरा आणि वीणा तो नियम पाळीत नाहीत, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले. आपल्या वाचकांसाठी त्यांच्याविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे. १९०७ ते १९१७ अशी दहा वर्षे हे गृहस्थ केंद्र सरकारच्या वित्त खात्यात नोकरीला होते. कलकत्ता, रंगून, आपले नागपूर अशा त्यांच्या बदल्या झाल्या, आणि कलकत्त्यास असताना कचेरीच्या आधी आणि नंतर ते प्रयोगशाळेत जाऊन तारांची कंपने अभ्यासीत. हिशेबाच्या वह्यांनी त्यांच्या कानावर गंज चढू दिला नाही. हे उदाहरण देताना मला उमेद वाटते आणि थोडी लाजही वाटते.

माझ्या लहानपणी एकदा वडिलांनी तंबोरा मिरजेला जवारी काढायला नेला होता. मी बरोबर होतो. कारागिराने खर्जाची काळवंडलेली तार एकदाच छेडली आणि तो म्हणाला, "अण्णा, जवारी काढून काय उपयोग? तार गेलीय." वडील म्हणाले, "तुटली कुठे आहे?" तो हसला आणि म्हणाला, "तुटायची वाट बघितली तर गांधार विसरून जाल." नवी तार चढवून, घोडी घासून त्याने तंबोरा छेडला, तेव्हा माझे वडील कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत. कित्येक वर्षे रोज पहाटे ते गांधारावाचून बसत होते, आणि त्यांना ते कळले नव्हते.

बौद्ध वाङ्मयात सोण नावाच्या भिक्षूची कथा आहे. अतिकठोर साधनेने तो खचला, तेव्हा बुद्धाने त्याला विचारले, तू पूर्वी वीणा वाजवीत होतास ना? तारा फार ताणलेल्या असताना वीणा नीट वाजत असे काय? फार सैल असताना? मध्यम मार्गाचा हा दृष्टान्त आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु त्यात प्रश्न आहे तो ताणाचा. जी तार फार ताणलेली नाही, सैलही नाही, जिचा ताण अगदी योग्य आहे, आणि जी तरीही वाजत नाही, तिचे काय? खुंटी पिळून हा दोष जात नाही. मध्यम मार्गावरून चालणाऱ्या, कधीही अतिरेक न करणाऱ्या, सभ्य आणि नियमित माणसाला जर कोणता धोका असेल, तर तो हाच आहे, असे मला वाटते.

या धोक्याचे वैशिष्ट्य असे, की तो कोणत्याही एका दिवशी येत नाही. वाळूच्या ढिगातून एकेक कण काढीत गेले तर तो नेमका कोणत्या कणाला ढीग राहत नाही, असे कोडे ग्रीक तत्त्वज्ञांनी घातले होते. तार नेमकी कोणत्या दिवशी मेली, याला उत्तर नाही. सोमवारी ती रविवारसारखीच वाजली, मंगळवारी सोमवारसारखी. प्रत्येक दिवसाची तुलना आदल्या दिवसाशी होत गेली, पहिल्या दिवसाशी कधीच झाली नाही. आपल्या भाषेचेही तसेच नाही का? माझी मुलगी कित्येक दिवस मला "बाबा, दिवा बंद करून द्या" असे सांगत होती आणि मी उठून दिवा बंद करीत होतो. साताऱ्याहून माझी आत्या आली आणि पहिल्याच रात्री तिने विचारले, "अरे, ही पोर कुठली भाषा बोलते?" आम्हा उभयतांना त्या वाक्यात काही निराळे आहे हे ऐकूही आले नव्हते, कारण आम्हीही तसेच बोलू लागलो होतो.

येथवर लिहिलेले खरे तर सोपे होते. आता जे सांगायचे आहे ते माझ्याविषयीचे आहे.

मी निवृत्तिवेतनाच्या शाखेत काम करतो. कार्यालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही. चूक कार्यालयाची नव्हे, माझी आहे. केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे निवृत्तिवेतन किंवा कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या व्यक्तीला ८० वर्षे पूर्ण झाली की मूळ रकमेच्या २० टक्के अधिक रक्कम मिळते; ८५ ला ती ३० टक्के होते, ९० ला ४०, ९५ ला ५०, आणि शंभरी गाठली तर दुप्पट. रोपडकडील एका गावातून एका वृद्ध विधवेचा असा अर्ज माझ्याकडे आला. मूळ आदेशात तिची जन्मतारीख नव्हती. तिने मतदार ओळखपत्राची प्रत जोडली होती. ओळखपत्रात तिच्या नावापुढे 'कौर' होते. आदेशात ते नव्हते. मी अर्ज परत पाठविला. तिने दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करून पाठविले. तेव्हा माझ्या लक्षात आले की ओळखपत्रात पतीच्या नावाचे लेखन आमच्या नोंदीशी जुळत नाही. मी अर्ज परत पाठविला. तीही उणीव तिने भरून काढली. मग प्रती साक्षांकित नव्हत्या. मी अर्ज परत पाठविला. या सगळ्यात अकरा महिने गेले.

माझा प्रत्येक आक्षेप नियमाला धरून होता. माझ्या टिपणांत व्याकरणाचीही चूक नव्हती. इतकेच नव्हे, तर परत पाठविलेला अर्ज आमच्या मासिक विवरणात 'निकाली' या रकान्यात जातो; म्हणजे त्या बाईचा एक अर्ज मी तीनदा निकाली काढला आणि तीनदा त्याचे श्रेय घेतले. त्या वर्षी तपासणीसाठी आलेल्या मंडळींनी आमच्या शाखेत प्रलंबित प्रकरणे नाहीत, असा अनुकूल शेरा मारला. सूर तपासण्याचे यंत्र मला निर्दोष ठरवीत होते.

जानेवारीत, धुक्याने रस्ते दिसत नव्हते अशा एका सकाळी, ती बाई स्वतः आली. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी शालीच्या आत. मी तिला "माताजी, बसा" म्हटले. ती मला "पुत्तर" म्हणाली. तिने तक्रार केली नाही. उलट आणखी काही राहिले असेल तर आजच सांग, पुन्हा येववणार नाही, एवढेच ती म्हणाली. शेजारच्या टेबलावर आमच्या शाखेत नुकतीच रुजू झालेली एक मुलगी बसते. ती फाइल चाळीत होती. बाई गेल्यावर तिने अगदी सरळपणे, कसलाही आव न आणता विचारले, "सर, या तिन्ही उणिवा पहिल्याच अर्जात दिसत होत्या ना?"

होय, दिसत होत्या. पहिल्या अर्जातच तिन्ही होत्या. मी पहिली दिसताच थांबलो होतो, कारण परत पाठविण्यास एक पुरेशी होती. नोकरीला लागलो त्या वर्षी मी असा थांबलो नसतो. तेव्हा मी अर्जाच्या मागचा माणूस शोधीत असे. सगळे वाचून, सगळे एकदम कळवीत असे, प्रसंगी स्वतः दूरध्वनी करीत असे. केव्हापासून थांबू लागलो? त्या दिवसाची तारीख मला सांगता येत नाही. बरसातीतील त्या मुलासारखे मीही मनात म्हणालो, काल तर ठीक चालले होते!

प्रकरण त्याच आठवड्यात मंजूर झाले, थकबाकीही मिळाली. पण थकबाकी रुपयांची देता येते. ऐंशीव्या वर्षी गेलेले अकरा महिने कोणत्या लेखाशीर्षाखाली परत करावेत?

येथे नीतीचा खरा प्रश्न उभा राहतो. जो ऱ्हास करणाऱ्यालाच जाणवत नाही, त्याचा दोष त्याला द्यावा काय? माझ्या बाजूने बोलणारा कोणी म्हणेल, की तार वाजविल्यानेच मरते. पेटीत बंद ठेवलेली तार फार काळ झळाळत राहील; तिचा गौरव कोण करील? बारा वर्षे माणसांच्या घामाचा, अडचणींचा, गाऱ्हाण्यांचा स्पर्श होत राहिल्यावर मन बोथट होणे हा सेवेचाच परिणाम आहे, अपराध नव्हे. येथून जवळच्या सरकारी रुग्णालयातील डॉक्टर प्रत्येक रुग्णासाठी रडू लागला, तर त्याचा हात शस्त्रक्रियेत स्थिर कसा राहील? शिवाय जुन्या तारांचाही एक गुण असतो. अमेरिकेतील नामांकित बास-वादक जेम्स जेमर्सन हा तार तुटल्याखेरीज ती बदलीत नसे, अशी त्याची ख्याती आहे. आणि १९६० च्या दशकातील कित्येक गाजलेल्या ध्वनिमुद्रिका त्या मवाळ, दबक्या आवाजावर उभ्या आहेत. नवी तार कर्कश असते, सुराला ठरत नाही, पहिले दोन दिवस सारखी उतरत राहते. नव्या कारकुनाचा उत्साहही असाच नसतो काय? आपण ज्याला मरणे म्हणता ते मुरणे कशावरून नव्हे?

या आक्षेपात तथ्य आहे. लोणचे मुरते तसा माणूसही मुरतो, आणि मुरलेल्या अधिकाऱ्याचे शांतपण नवख्याच्या धावपळीहून अनेकदा अधिक उपयोगाचे असते. तेव्हा मुरणे आणि मरणे यांतील फरक ओळखण्याची काही कसोटी हवी. ती मला त्या गिटारीवरच सापडली. जुनी तार मोकळी छेडली असता सुराला बरोबर असते. पण बाराव्या पडद्यावर दाबून छेडली, तर जेथे नेमका वरचा षड्ज यायला हवा तेथे ती किंचित घसरते. तिचे वजन असमान झालेले असते, म्हणून मोकळेपणी जुळलेला सूर प्रत्येक पडद्यावर खोटा पडत जातो. मवाळ झालेली पण धड असलेली तार अशी घसरत नाही. तिची झळाळी कमी असेल, पण ती कोठेही दाबा, खरी बोलते. माणसाचेही असेच असावे. सर्वसाधारण तत्त्व बोलताना तो बरोबर असतो की नाही, हे पाहून काही कळत नाही. तेथे आपण सगळेच बरोबर असतो. एका विशिष्ट माणसाच्या, विशिष्ट अडचणीच्या पडद्यावर बोट ठेवले असता तो काय बोलतो, हे पाहावे. रोपडच्या त्या बाईच्या पडद्यावर मी खोटा वाजलो. त्याला मुरणे म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप नियमांविषयीचा आहे. नियमात दया लिहिलेली नसते, मग ती कारकुनाने कोठून आणावी? परंतु तंबोऱ्यात गांधाराची तार तरी कोठे असते? खर्ज नीट लागला तर तो आपोआप ऐकू येतो. ८० वर्षांच्या व्यक्तीला २० टक्के अधिक द्यावेत, हा नियम ज्याने केला त्याने वार्धक्याची चणचण ओळखूनच तो केला असणार. तो नियम त्याच्या पूर्ण नादासह चालविला, तर त्यातली दया अर्जदाराला ऐकू येतेच. त्यासाठी नियमाबाहेर एक पाऊलही टाकावे लागत नाही. मी नियम मोडला नाही, त्याचा फक्त मूळ स्वर शिल्लक ठेवला. बाईला सगळे मिळाले. गांधार तेवढा मिळाला नाही.

मग दोष कशाचा? मला वाटते, बोथट होण्याचा नव्हे. तो काळाचा आणि कामाचा धर्म आहे. दोष आहे तो, आपण बोथट होत असतो हे ठाऊक असून त्याची परीक्षा घेण्याची काहीच व्यवस्था न करण्याचा. तारेला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. माणसाला आपला आवाज दुसऱ्याच्या शेजारी ठेवून ऐकता येतो. शंभर तासांचा तो ठोकताळा कशासाठी आहे? कानावर विश्वास ठेवता येत नाही म्हणूनच. ज्याचा कान रोज थोडा थोडा त्याच तारेबरोबर बिघडत आहे, त्याने 'मला ऐकू येईल तेव्हा बदलीन' असे म्हणणे म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणे होय. नियम कानाची जागा घेऊ शकत नाही. पण कान केव्हा तपासावा, हे तो सांगू शकतो.

येथे उपमा संपते, हेही मान्य केले पाहिजे. पाकिटातून नवे मन काढून चढविता येत नाही. आम्हा सरकारी नोकरांची बदली होते खरी. पण बदली म्हणजे तार बदलणे नव्हे, तीच तार दुसऱ्या वाद्यावर चढविणे होय. मी मुंबईहून येथे आलो तेव्हा सहा महिने सगळे ताजे वाटले. ती झळाळी नव्या गावाची होती, माझी नव्हती. माणसाला जे साधण्यासारखे आहे ते अधिक साधे आहे: काम संपल्यावर तार पुसून ठेवावी, आणि अधूनमधून जवारी काढून घ्यावी. तार ज्या ठिकाणी घोडीला टेकते, तेथे वर्षानुवर्षे त्याच जागी टेकून खाच पडते, आणि स्पर्श बिघडतो म्हणून नाद बिघडतो. आपण माणसांना जेथे टेकतो, त्या खिडकीशी, त्या अर्जाशी, त्या "पुत्तर" या हाकेशी आपल्याही सवयीच्या खाचा पडलेल्या असतात. त्या घासून काढणे सुखाचे नसते. घासताना घोडीचाच भुगा पडतो. आणि शिकलगार लागतोच. स्वतःची जवारी स्वतःला काढता येत नाही.

बरसातीतील मुलाने दुसऱ्याच दिवशी बाकीच्या पाचही तारा बदलल्या. फेब्रुवारीत मी तंबोऱ्याची खर्जाची तार बदलली; जवारीसाठी मात्र तो मेमध्ये रजेवर जाताना मिरजेलाच न्यावा लागेल. आणि आमच्या शाखेत मी एक गोष्ट सुरू केली आहे. अर्ज परत पाठविण्याचे माझे प्रत्येक टिपण रवाना होण्यापूर्वी त्या नव्या मुलीने वाचावे, असे मी तिला सांगितले आहे. "सर, मी तुमचे तपासू?" असे तिने संकोचाने विचारले. मी हो म्हणालो. पहिल्याच दिवशी तिने माझ्या टिपणातील एक ओळ खोडली आणि समासात लिहिले, 'ही कागदपत्रे आपल्याच जुन्या फाइलीत आहेत. अर्जदाराकडून मागण्याची गरज नाही.' बारा वर्षांच्या नोकरीनंतर एका नवख्या मुलीच्या हातची ती ओळ मला मोठी कर्कश वाटली. दिवसभर कानात राहिली. संध्याकाळी घरी येताना लक्षात आले, की नवी तार शेजारी लागली म्हणजे पहिले दोन दिवस असेच वाटते.